पोटात घालणं

बरणीवर फक्त नंबर असतो.
४१७. मोठं आतडं, पाच तुकडे,
शिताहून लहान.
पण पन्नास हजार माणसांच्या फारो बेटांवर
नंबराला कुठलं आलंय गुपित.
वल्ह्यांच्या शर्यतीतून रान्वाचं नाव गळलं
तेव्हाच गावानं ओळखलं होतं,
आणि मी तर तिच्यापासून तीन दारं सोडून राहते.

मेणात बसवून कापते. चार मायक्रॉन.
काप कोमट पाण्यावर तरंगतो,
धुक्याची साल काढावी तसा.
मग जांभळा रंग, मग गुलाबी.

निरोगी आतडं या भिंगातून फार शहाणं दिसतं.
नळ्यांच्या रांगा, आणि नळीनळीत फुगीर चषक-पेशी
शेंबूड विणत बसलेल्या.
हो, शेंबूडच. शुद्ध शब्द आहे एक, पण तो इतका बुळबुळीत नाही.
त्याच्या पलीकडे अब्जावधी जिवाणू,
अलीकडे पहारा,
मधे पेशींची रांग.
एकच.

आमच्याकडे डोंगर आणि गवत यांच्यामध्ये गडगा असतो.
चुना नाही, सिमेंट नाही, दगड दगडाला धरून.
वर मेंढ्या, खाली गवत.
रान्वाचा बाप त्रोंदुर दर वसंतात तो सारखा करतो.
पेशीही पेशीला तशीच धरते,
प्रथिनांच्या टाक्यांनी.

४१७ मध्ये टाके उसवलेत.
चषक बहुतेक रिकामे.
नळ्या वाकड्या, एकीला फाटा फुटलेला,
एकीत पांढऱ्या पेशींचा खच.
यांना हाक मारली कुणी?
एक भक्षक पेशी ओरडते. तिचा ओरडा म्हणजे एक प्रथिन,
टीएनएफ नावाचं.
ते ऐकून रक्तवाहिनी दार सैल करते,
आत शिरणारे येताना आणखी चौघांना हाकारतात,
आणि त्या आरड्यानंच उरलेले टाके सुटतात,
फटीतून जिवाणू, पुन्हा आरडा.
कुंपणानं शेत खाल्लं म्हणावं
तर कुंपण बिचारं नुसतं फाटलंय.
खातायत राखणदार.
आणि आठवणीच्या पक्क्या टी-पेशी,
कधीतरी दुधानं पोळलेल्या,
आता ताक दिसलं तरी आग लावतात.

पहिली हाक कुणाची?
थोडं जनुक, थोडं अन्न,
आणि थोडं काय ते ठाऊक नाही.
हे तिसरं थोडंच सगळ्यात मोठं.

रविवारी त्रोंदुर गडग्यापाशी भेटला.
तुकड्यांचं त्यानं विचारलं नाही.
म्हणाला, "मांसाचं असेल का?
वाऱ्यावर आंबवलेलं. दात आल्यापासून खाते.
मीच भरवलं."
मला सांगायचं होतं की तुझ्या त्या खोपटाच्या फळ्यांत
फटी मुद्दाम असतात,
वारा येतो, बुरशी येते, आणि मांस कुजत नाही, मुरतं.
किती आत येऊ द्यायचं ते फळ्यांना कळतं.
मी म्हटलं, "नाही."
तेवढंही बोलायला नको होतं. अहवाल डॉक्टर देतात.
त्याच्या हातातला दगड कुठेच बसेना.

निरोगी आतडं काही लढाया जिंकत नसतं.
परक्यांचे हजार अपराध ते रोज पोटात घालतं,
अक्षरशः.
हात धरणाऱ्या, गप्प करणाऱ्या पेशीही असतात तिथे.
४१७ मध्ये त्या नसतील असं वाटलं,
म्हणून वेगळ्या तपकिरी रंगानं शोधल्या.
होत्या. भरपूर होत्या.
कुणी ऐकत नव्हतं.

काल संध्याकाळी रान्वा नावेच्या छपरीत,
वल्हं पुसत, दाराजवळची जागा धरून.
"पाहिलंस ना मला, आतून?"
असं काही विचारायचं नसतं, सांगायचं नसतं.
"रंग छान चढला होता," मी म्हटलं.
ती हसली, मोठ्यानं, शर्यतीत हसायची तशी,
मग हसू मधेच तुटलं,
वल्हं माझ्या हातात कोंबून घराकडे धावली.

मी उभी राहिले ते धरून.
मुठीपाशी लाकूड
तिच्या हातानं झिजून गुळगुळीत झालेलं.